हृदयाचा निरोप्या

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या आरोग्यविषयक सभेत दिलेले व्याख्यान)



धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा महोत्सव समितीने मला केली, याबद्दल मी समितीचा ऋणी आहे. विषय निवडावयास मला फार वेळ लागला नाही. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आपण येशूच्या पवित्र हृदयाची उपासना करतो. आपल्या पुष्कळ घरांच्या दर्शनी भिंतीवर त्या हृदयाची तसबीर असते आणि तिच्यापुढे तांबडा दिवा तेवत असतो. ज्या समाजाने हृदयास एवढे मानाचे स्थान दिले, त्या समाजाने आपल्या छातीतील मांसमय हृदयाविषयी मात्र बेफिकीर राहावे, हे शोभणारे नव्हे.

१९०३ साली नगर जिल्ह्यातील केंदळ येथे येशूसंघाचे फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' हे मासिक सुरू केले, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. येशूच्या पवित्र हृदयाचा निरोप मराठी ख्रिस्ती कुटुंबांपर्यंत पोचविणारा, म्हणून तो निरोप्या. नाव साधे, घरगुती, पण किती अर्थपूर्ण! त्याच नावाचा आधार घेऊन मी आज दुसऱ्या एका निरोप्याची ओळख करून देणार आहे. हृदयरोग्याच्या छातीत बसविलेले अथवा मनगटावर बांधलेले एक चिमुकले यंत्र त्याच्या हृदयाची खबर दूरवरच्या डॉक्टरांकडे पोचविते. रोगी बोरीवलीस आपल्या खाटेवर निजलेला असतो आणि त्याच्या हृदयाचा वृत्तांत तेथून कित्येक कोस दूर असलेल्या इस्पितळात वाचला जातो. हा निरोप्या कोण, तो काय सांगतो आणि त्याचा निरोप ऐकून घेतो कोण, असे तीन प्रश्न मी आपणापुढे ठेवतो. पहिल्या दोहोंची उत्तरे शास्त्रज्ञांनी दिली आहेत. तिसऱ्याचे उत्तर पुष्कळ अंशी आपल्यावर अवलंबून आहे, आणि म्हणूनच तो मी या सभेत मांडीत आहे.

प्रथम हृदयाविषयी थोडेसे. हृदय म्हणजे आपल्या मुठीएवढा एक स्नायू. तो मिनिटास सुमारे ७२ वेळा, म्हणजे दिवसास एक लाखाहून अधिक वेळा आकुंचन पावतो. त्याच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात एक लहानशी गाठ आहे. देवळात घंटा वाजविणारा सेवक वेळ झाली की दोरी ओढतो, त्याप्रमाणे ही गाठ आपल्या विजेच्या सूक्ष्म लहरीने प्रत्येक ठोक्याची वर्दी देते आणि ती वर्दी ठरलेल्या वाटेने खालच्या कप्प्यांपर्यंत जाते. वयोमानाने अथवा रोगाने ही गाठ मंद झाली किंवा वाटेत अडथळा आला, तर ठोके कमी पडतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस चालता चालता कोसळतो. याउलट कधी खालचे कप्पे बेभान होऊन वाटेल तसे थरथरू लागतात. मग रक्त पुढे ढकललेच जात नाही आणि काही मिनिटांतच प्राण जातो. तिसरा प्रकार म्हणजे हृदय दुबळे होणे. अशा रोग्याच्या फुप्फुसांत व पायांत पाणी साचत जाते. हे संकट एका रात्रीत येत नाही, दिवसामागून दिवस चोरपावलांनी येते. दूरवरून राखण करण्याचा जो उपयोग आहे, तो या चोरपावलांची चाहूल लवकर लागावी यासाठीच आहे.

ही कल्पना फार नवी आहे, असे मात्र समजू नये. हॉलंडमधील लायडन नगरातील प्राध्यापक विलेम आइंटहोवन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयाच्या विजेचा आलेख काढण्याचे यंत्र सिद्ध केले. आपण आज ज्याला ई.सी.जी. म्हणतो, तोच हा आलेख. ते यंत्र इतके अवजड होते की रोग्याच्या खाटेपाशी नेणे अशक्य. तेव्हा १९०५ साली त्यांनी इस्पितळापासून आपल्या प्रयोगशाळेपर्यंत, सुमारे दीड किलोमीटर अंतरावर, टेलिफोनच्या तारेने रोग्याच्या हृदयाची विद्युत्‌लहर आणविली आणि तेथे तिचा आलेख काढला. हृदयाचा आलेख काढण्याची विद्या आणि तो दूर बसून वाचण्याची विद्या या अशा जवळजवळ जुळ्या बहिणीच आहेत. आइंटहोवन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाचा आलेख घेण्याचा ध्यास घेतला. त्यांचे पहिले यंत्र पाठीवर वाहावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते! आज तेच काम गळ्यात अडकविलेली डबी करते. चोवीस तास ती अंगावर बाळगली की डॉक्टरांच्या हाती दिवसभराचा हिशेब येतो, आणि त्या तपासणीस आजही होल्टर हेच नाव आहे.

छातीत बसवावयाच्या यंत्राचा इतिहासही ऐकण्याजोगा आहे. १९५८ सालच्या ऑक्टोबर महिन्यात स्वीडन देशातील स्टॉकहोम येथे शल्यविशारद ओके सेनिंग व अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी आर्ने लार्सन नावाच्या रोग्याच्या शरीरात पहिला पेसमेकर बसविला. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. परंतु लार्सन यांनी धीर सोडला नाही. एकामागून एक अशी वीसहून अधिक यंत्रे त्यांनी आयुष्यात वापरली आणि २००१ साली, वयाच्या ८६व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. दुसरे यंत्र आय.सी.डी. बेभान झालेल्या हृदयास आतूनच विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणते. त्याचे जनक डॉ. मिशेल मिरोव्स्की हे मूळचे वॉर्सा शहरचे. १९६६ साली त्यांचे गुरू अशाच हृद्गतीच्या विकाराने अकस्मात वारले. जो माणूस सतत इस्पितळात राहू शकत नाही, त्याच्यापाशी इस्पितळानेच जाऊन राहावे, हा ध्यास त्यांनी तेव्हापासून घेतला. १९८० साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे माणसाच्या देहात असे पहिले यंत्र बसविले गेले.

ही यंत्रे बोलू लागली ती त्यानंतर. पूर्वी पेसमेकर बसविलेल्या रोग्यास ठरलेल्या मुदतीने इस्पितळात जावे लागे. तेथे छातीवर एक चकती ठेवून यंत्रातील नोंदी काढून घेत, आणि दोन तपासण्यांच्या मधल्या महिन्यांत यंत्र काय करीत आहे, हे कोणालाच कळत नसे. १९७०च्या दशकात टेलिफोनवरून काही खबर पाठविण्याची सोय झाली. २००१ साली बिनतारी पद्धतीने आपण होऊन निरोप पाठविणारे पेसमेकर वापरात आले. रोग्याच्या उशापाशी पुस्तकाएवढी एक पेटी ठेवलेली असते. रात्री तो निजला की छातीतील यंत्र तिला दिवसभराचा वृत्तांत सांगते आणि पेटी तो मोबाईलच्या जाळ्यातून पुढे पाठविते. काही नव्या यंत्रांत पेटीचे काम रोग्याचा मोबाईलच करतो. विद्युत्‌घट किती उरला आहे, हृदयापर्यंत गेलेली तार शाबूत आहे की नाही, ठोके कोणत्या वेळी चुकले, झटका द्यावा लागला काय, इतके सारे त्या वृत्तांतात असते. कित्येक यंत्रे छातीत पाणी साचू लागल्याची लक्षणेही सांगतात. ज्यांना वारंवार मूर्च्छा येते पण कारण सापडत नाही, अशांच्या छातीच्या त्वचेखाली करंगळीहून लहान असा एक नोंदक बसवितात, आणि तो काही वर्षे चुपचाप पहारा करतो. फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत ठेवावयाचे, विद्युत्‌घट नसलेले एक दाबमापकही निघाले असून अमेरिकेत त्यास २०१४ साली मान्यता मिळाली. रोगी एका विशिष्ट उशीवर निजला की त्या वाहिनीतील दाब डॉक्टरांस कळतो.

मनगटावरील घड्याळांविषयी आपल्या तरुण मंडळींत मोठे कुतूहल आहे. ही घड्याळे त्वचेवर प्रकाश टाकून नाडी मोजतात. काहींवर बोट ठेवले असता ई.सी.जी.ची एक पट्टीही निघते. वरच्या कप्प्यांच्या अनियमित थरथरीची शंका ती पुष्कळदा बरोबर दाखवितात, आणि ती थरथर लवकर कळली तर पक्षाघात टाळण्याचे उपाय वेळीच करता येतात. परंतु एक गोष्ट नीट ध्यानात धरावी. हृदयाच्या रक्तवाहिनीत गाठ अडकून जो झटका येतो, ज्याला आपण हार्ट अटॅक म्हणतो, तो ओळखण्यासाठी ही घड्याळे केलेली नाहीत. छातीत दाटून आले, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, घाम सुटला, तर घड्याळाकडे पाहत बसू नये. १०८ या क्रमांकास फोन करावा आणि इस्पितळ गाठावे. दहा कुमारींचा दृष्टान्त आपण सर्वांनी ऐकला आहे. दिवा आहे पण तेल नाही, अशी ज्यांची अवस्था, तशीच घड्याळ आहे पण चार्ज केलेले नाही, अशांची!

आपल्या शहराचा या कामातील वाटा काय, असे कोणी विचारील. घाटकोपर-मानखुर्दाच्या पलीकडे, ट्रॉम्बे येथे, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. अणुशक्तीसाठी ते प्रसिद्ध आहे. पण त्याच केंद्रातील अभियंत्यांनी हातात मावेल एवढे, मोबाईलला जोडता येणारे बारा वाहिन्यांचे ई.सी.जी. यंत्र तयार केले. खेड्यातील दवाखान्यात काढलेला आलेख त्याच्या योगाने काही क्षणांत शहरातील तज्ज्ञापुढे जाऊ शकतो. आइंटहोवन यांची दीड किलोमीटरची तार आता दीडशे कोस लांब झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या अधिक जिव्हाळ्याची आहे. वांद्र्याचे होली फॅमिली इस्पितळ आपणा सर्वांना परिचित आहे. अमेरिकेतील शिकागो शहराच्या परिसरात मृत झालेल्या रोग्यांचे पेसमेकर त्यांच्या कुटुंबीयांनी व अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्यांनी दान केले. अशी शंभराहून अधिक यंत्रे जमली. त्यांतील ज्यांचा विद्युत्‌घट पुरेसा उरला होता, ती निवडून, निर्जंतुक करून या इस्पितळात ५३ गरीब रुग्णांना बसविण्यात आली. या लोकांना नवे यंत्र विकत घेण्याचे सामर्थ्य नव्हते. २०१२ साली एका नामांकित वैद्यक नियतकालिकात हा वृत्तांत छापून आला. ज्यांचा पुढील मागोवा मिळाला, त्यांची प्रकृती सुधारलेली आढळली. त्याच साली आणखी एक वृत्तांत प्रसिद्ध झाला. तो मुंबईतील ८१ रुग्णांना दिलेल्या, पुन्हा वापरात आणलेल्या आय.सी.डी. यंत्रांविषयीचा होता. त्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांच्या हृदयाची गती बिघडली असता त्या यंत्रांनी ती सावरली. सातासमुद्रापलीकडील एका अनोळखी माणसाच्या छातीत जे यंत्र धडधडले, ते त्याच्या मृत्यूनंतर मुंबईच्या एखाद्या मजूर स्त्रीच्या हृदयाला साथ देऊ लागले. संतजनांच्या समागमाविषयी आपण श्रद्धांगीकारात जे म्हणतो, त्याची एक लहानशी सावली मला यात दिसते.

पण या सत्कृत्यातही एक उणीव राहिलीच. त्या ५३ जणांपैकी सर्वांचा पुढील मागोवा लागू शकला नाही. गरीब माणूस भाड्याची खोली बदलतो, गावी जातो, टेलिफोनचा क्रमांक बदलतो. यंत्र छातीत असते, पण माणूस सापडत नाही. यंत्र देणे हे एक दान आणि यंत्र घेतलेल्या माणसावर पुढे नजर ठेवणे हे दुसरे दान. पहिले एका दिवसाचे असते, दुसरे आयुष्यभराचे.

येथे आपण तिसऱ्या प्रश्नाशी आलो. निरोप तर निघाला, पण तो ऐकून घेतो कोण?

या बाबतीत तीन मोठ्या चाचण्यांची हकीकत सांगतो. ती मोठी बोधप्रद आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दुबळ्या हृदयाच्या ६६४ रुग्णांचे दोन गट केले होते. सर्वांच्या छातीत यंत्र होतेच, परंतु एका गटाच्या यंत्रांचे निरोप दररोज पाहिले जात आणि काही बिघाड दिसताच रुग्णाशी संपर्क साधला जाई. वर्षअखेर या गटात १० मृत्यू झाले, दुसऱ्या गटात २७. हे ऐकून कोणासही वाटेल की यंत्राला बोलते करावे म्हणजे झाले! परंतु २०१७ साली इंग्लंडमधील नऊ इस्पितळांतून १६५० रुग्णांवर केलेल्या चाचणीचा वृत्तांत आला. तेथे यंत्रांतील नोंदी आठवड्यास एकदा मागवीत असत, आणि दोन्ही गटांत लक्षणीय असा काहीच फरक आढळला नाही. यानंतर २०१८ साली जर्मनीतील तिसऱ्या चाचणीचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. दीड हजाराहून अधिक रुग्णांचे दोन गट केले होते आणि त्यांपैकी एका गटातील रुग्ण रोज घरी आपले वजन, रक्तदाब व ई.सी.जी. घेऊन पाठवीत. छातीत यंत्र असलेच पाहिजे, अशी अटही नव्हती. परंतु पलीकडे डॉक्टर व परिचारिका रात्रंदिवस बसलेल्या होत्या. तेथे मात्र मृत्यूंचे प्रमाण उतरले. वर्षाकाठी शंभरांमागे जेथे सुमारे अकरा रुग्ण दगावत, तेथे सुमारे आठ दगावले.

या तीन हकीकती शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे तात्पर्य सहज दिसते. यंत्र रोगी बरा करीत नाही. यंत्र निरोप आणते. तो त्याच दिवशी वाचणारे डोळे, लगेच फोन उचलणारा हात आणि रोग्याच्या दारापर्यंत जाणारे पाय यांनी जीव वाचतो. टपाल घरी आले पण कोणी फोडलेच नाही, तर पत्र लिहिणाऱ्याचे श्रम व्यर्थ होत.

प्रभूने सांगितलेल्या दयाळू शोमरोन्याच्या दृष्टान्तात एका माणसाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. शोमरोन्याने जखमी वाटसरूच्या जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेत नेले आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्या वाटेने गेला. जाताना दोन नाणी देऊन तो उतारशाळेच्या रखवालदारास म्हणाला की याची काळजी घे. पुढले दिवस त्या जखमी माणसापाशी कोण बसले? तो रखवालदार. त्याचे नाव आपणांस ठाऊक नाही. त्याची स्तुती कोणी प्रवचनात करीत नाही. पण जखमा भरून आल्या असतील, तर त्या त्याच्या पहाऱ्यात. आज इस्पितळातील शल्यविशारद शोमरोन्याचे काम करतात आणि रोग्यास घरी पाठवितात. उतारशाळेचे रखवालदार आपण व्हावयाचे आहे.

आपल्या उपनगरांची स्थिती पाहा. अंधेरी, मरोळ, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर येथील जुन्या गावठाणांत एकेकाळी ओट्याला ओटा लागून होता. रात्री कोणाला खोकल्याची ढास लागली तर सकाळी सगळ्या आळीस ते कळे. आज त्या जागी उंच इमारती उभ्या आहेत, दारे बंद आहेत, मुले आखाती देशांत अथवा कॅनडात आहेत आणि सातव्या मजल्यावर एखादी विधवा माउली एकटीच जपमाळ म्हणत बसलेली आहे. तिच्या छातीतील यंत्राचा निरोप आठ कोसांवरील इस्पितळास पोचतो, पण भिंतीपलीकडील शेजाऱ्यास काही पत्ता नसतो! इस्पितळातील परिचारिका तिला फोन करते, फोन वाजत राहतो. माउलीला ऐकू कमी येते, किंवा तो अनोळखी क्रमांक पाहून ती उचलीत नाही. मुलाचा परदेशातील क्रमांक नोंदविलेला असतो, तेथे त्या वेळी मध्यरात्र असते. शास्त्राने हजारो मैलांचे अंतर जिंकले. उरले ते दोन दारांमधील दहा पावलांचे अंतर, आणि ते कोणतेही यंत्र जिंकू शकत नाही.

यास्तव माझ्या काही व्यवहारी सूचना आहेत.

ज्यांना असे यंत्र बसविले आहे किंवा बसवावयाचे आहे, त्यांनी डॉक्टरांना चार प्रश्न न भिता विचारावेत. माझे यंत्र घरून निरोप पाठवू शकते काय? तो निरोप कोण वाचतो आणि केव्हा वाचतो? काही बिघाड दिसला तर फोन कोणाला येईल? आणि या सेवेचा खर्च किती? अमेरिकेतील हृद्गतितज्ज्ञांच्या संस्थेने २०१५ सालीच, अशी यंत्रे बसविलेल्या सर्व रुग्णांना दूरवरून राखणीची सोय देऊ करावी, अशी शिफारस केली आहे. २०२० साली मार्च महिन्यात आपल्या लोकलगाड्या थांबल्या आणि इस्पितळात जाणेही कठीण झाले, तेव्हा या सोयीचे मोल सर्वांना उमगले. एक गोष्ट मात्र विसरू नये. निरोप सामान्यतः कामकाजाच्या वेळेतच वाचले जातात. ही सेवा म्हणजे रुग्णवाहिका नव्हे. मूर्च्छा आली, छातीत कळ आली किंवा यंत्राने झटका दिल्यावर बरे वाटेनासे झाले, तर पेटीवर विसंबून राहू नये.

उशापाशी ठेवलेल्या पेटीचे बटण मोबाईल चार्ज करण्यासाठी कोणी बंद करू नये. नातवंडांनाही हे सांगून ठेवावे. महिनाभर वसईस किंवा गोव्यास जावयाचे असेल, तर पेटी बरोबर न्यावी. मोबाईल छातीच्या खिशात, यंत्राला चिकटून ठेवू नये, वीतभर दूर असावा. घराचा पत्ता किंवा क्रमांक बदलला तर तो आधी इस्पितळास कळवावा, मग नातलगांस. आपल्या हृदयाची माहिती ही आपली खाजगी ठेव आहे. ती कोणाकडे जाते हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे, आणि शेजाऱ्याने ती ऐकली तर वाड्यावर चर्चेस न घेण्याचे त्याचे कर्तव्य आहे.

ज्यांची ऐपत नाही, त्यांनी निराश होऊ नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयरोगाचे अनेक उपचार येतात. इस्पितळातील समाजसेवा विभागात चौकशी करावी. आणि दुबळ्या हृदयाच्या रोग्यासाठी सर्वांत स्वस्त निरोप्या म्हणजे घरातील वजनकाटा! रोज सकाळी, शौचानंतर व न्याहारीपूर्वी, त्यावर उभे राहावे आणि आकडा वहीत लिहावा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले, तर ते अंगावर चढलेले मांस नव्हे, साचलेले पाणी होय. त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे. जर्मनीतील त्या चाचणीतही वजनकाटा होताच.

आता धर्मग्रामाविषयी. आपल्याकडे लहान ख्रिस्ती समूह आहेत, सेंट विन्सेंट दी पॉल संस्था आहे, आजाऱ्यांना घरी पवित्र ख्रिस्तशरीर नेऊन देणारे सेवक आहेत. प्रत्येक समूहाने आपल्या भागातील एकट्या राहणाऱ्या हृदयरोग्यांची, त्यांच्या संमतीने, यादी करावी. प्रत्येकामागे दोन शेजारी नेमावेत. इस्पितळाच्या कागदावर मुलाच्या क्रमांकाखाली त्यांचेही क्रमांक लिहवून घ्यावेत. दाराची एक किल्ली त्यांच्यापैकी एकाकडे असावी. ख्रिस्तशरीर घेऊन जाणाऱ्या सेवकाने प्रार्थनेनंतर एवढेच विचारावे, "मावशी, पेटीचा दिवा लागलेला आहे ना?" आणि आपल्या तरुण संघाने छाती दाबून हृदय चालू ठेवण्याची क्रिया शिकून घ्यावी. रुग्णवाहिका येईपर्यंतच्या मिनिटांत तिच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही. या साऱ्यास पैसा लागत नाही. लागते ती नियमितता.

शेवटी एका नाजूक गोष्टीविषयी बोलतो, कारण घरोघर याबाबत मनात शंका असते आणि विचारण्याचा धीर होत नाही. आय.सी.डी. बसविलेला रोगी कर्करोगाने किंवा वार्धक्याने अखेरच्या घटका मोजीत असता, ते यंत्र मरणाऱ्या हृदयास पुन्हा पुन्हा झटके देऊ शकते. अशा वेळी झटक्यांची क्रिया बंद करणे पाप आहे काय? पोप बारावे पायस यांनी १९५७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणात स्पष्ट केले की प्राणरक्षणासाठी सामान्य उपाय योजणे आपले कर्तव्य आहे, असामान्य व असह्य ओझ्याचे उपाय योजलेच पाहिजेत असे बंधन नाही. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२७८व्या परिच्छेदातही हीच शिकवण आहे. तेथे मरण ओढवून आणण्याचा हेतू नसतो, ते अडविता येत नाही हे स्वीकारलेले असते. म्हणून रोगी शुद्धीवर असतानाच त्याची इच्छा विचारून घ्यावी, डॉक्टरांशी व धर्मगुरूंशी बोलावे. झटके बंद केल्याने त्या क्षणी मृत्यू येत नाही. शेवटचा श्वास शांततेने घेता येतो एवढेच. आणि रुग्णाभ्यंगासाठी धर्मगुरूंना बोलावण्यास मात्र यंत्राच्या निरोपाची वाट पाहू नये! मृत्यूनंतर दफन करावयाचे असल्यास यंत्र काढण्याची सहसा गरज नसते. दहन करावयाचे असल्यास ते आधी काढविणे आवश्यक आहे, कारण उष्णतेने त्याचा स्फोट होतो.

बंधुभगिनींनो, पन्नास वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी वर्गणी करून देऊळ बांधले, ते एकत्र येऊन प्रार्थना करावी म्हणून आणि एकमेकांची भाकीत व दुखणी वाटून घ्यावीत म्हणूनही. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणार्थ आपण कमान उभारू, दिव्यांची रोषणाई करू. ते योग्यच आहे. त्याबरोबर या वर्षी प्रत्येक समूहाने एक यादी, दोन शेजारी आणि एक किल्ली एवढी व्यवस्था केली, तर पुढील महोत्सवापर्यंत आपल्यांतील काही माणसे जिवंत राहतील, जी एरवी राहिली नसती. हृदयाचा निरोप्या आपले काम रोज रात्री इमानाने करीत आहे. त्याने दार ठोठावले असता उघडावयास आपण जागे असावे, एवढीच येशूच्या पवित्र हृदयाजवळ माझी प्रार्थना आहे.